चावणारी चौकट

कुणाच्याही घरी गेलो तरी दाराच्या लोखंडी चौकटीला मी हात टेकवत नाही. ही सवय मला एका प्रकरणाने लावली आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही.

सावली तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं, भातखाचरांनी वेढलेलं गाव. पावसाची झड लागली होती. पोलीस ठाण्यात मी सकाळची हजेरी घेत असतानाच पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, लवकर या. म्हातारीले चौकात आणून राह्यले. माह्या एकट्याच्यानं लोकं थांबत नाई."

स्टेशन डायरीत नोंद करून शिपायांसह निघालो. वाटेत हकिगत कळली. एका शेतकऱ्याच्या नव्या घरात, दाराच्या चौकटीला साखळीने बांधलेली शेळी आदल्या दिवशी मेली होती. आज त्याची बायको त्याच दारात कोसळली. तिला रुग्णालयात हलवलं होतं. शेजारच्या विधवा म्हातारीने करणी केली, असं गावाचं ठरलं होतं.

ओरडणाऱ्या जमावाची मला फारशी भीती वाटत नाही. इथे कुणीच ओरडत नव्हतं. काठ्या हातात धरून माणसं गप्प उभी होती. म्हातारीला आम्ही जीपमध्ये बसवलं, पण जीपसमोरून कुणी हलेना. "आधी तिच्याकडून कबूल करून घ्या, मंग न्या," एकजण म्हणाला.

मी घरमालकाला तिथेच विचारायला सुरुवात केली.

"काय होतं घरात?"

"घर चावते साहेब. चौकट धरली का झटका बसते."

"वायरमनला दाखवलं?"

"कायले? लाईट तं बराबर जळून राह्यला."

"मग म्हातारीचं नाव कशावरून?"

"सारं गाव पाह्यते ना! हे बाई रोज आमच्या दारात चौकट धरून उभी राह्यते. तिले काऊन काही होत नाई?"

"सांगा आता," मागून कुणीतरी म्हणालं. घोळका एक पाऊल पुढे सरकला.

माणूस ज्याला पक्का पुरावा म्हणतो, त्याचाच मी आधी विचार करतो. मी जीपमध्ये पाहिलं. म्हातारीच्या पायात जाड रबरी चप्पल होती.

"बाई, त्यांच्या दारात चप्पल काढत नाही का?"

"टाचा फाटल्या बाप्पा. अन् मले आत बोलावते कोण?"

घरमालकाला विचारलं, तर घरची माणसं मात्र पाय धुऊन, ओल्या पायरीवर अनवाणी उभी राहून चौकट धरत. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. रबरातून वीज जात नाही, ओल्या अंगातून जाते, हे नागभीडच्या शाळेत शिकवणाऱ्या विज्ञानाच्या गुरुजींची त्या क्षणी आठवण झाली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वायरमनला बोलावलं आणि घोळक्यासकट त्या घरापाशी गेलो. त्याने चौकटीला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. मेन स्विच बंद करून शोध घेतला, तेव्हा चौकटीच्या वर भिंतीत ठोकलेल्या घोड्याच्या नालेचा खिळा प्लास्टरमधल्या वायरीत घुसलेला दिसला. नाल चौकटीला टेकली होती. अर्थिंगची तार तुटलेली होती.

"नजर लागू नाई म्हून मीच ठोकली होती," घरमालक कसाबसा बोलला.

पंचनामा केला. म्हातारीला ओढत आणणाऱ्यांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. घरमालकाची बायको वाचली.

तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो: खिळा ठोकण्याआधी वायर कुठून गेली ते विचारा, पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्या, लोखंडाला हात लावून मुंग्या आल्या तर आधी मेन स्विच बंद करा. लोक ऐकतात.

पण या प्रकरणाने मला जे शिकवलं, ते एवढंच नाही. सायंकाळी म्हातारीला तिच्या घरी सोडलं. मी म्हणालो, "बाई, आता घाबरू नका. कारण सापडलं."

तिने आतून कडी लावली आणि दाराआडून विचारलं, "अन् नसतं सापडलं तं, साहेब?"