जरा पसरलेला टेंपो

"माझा टेंपो कुठाय?" चाचा इतक्या जोरात ओरडले, की माथेरानच्या डोंगरावरची माकडं बिऱ्हाड उचलून पलीकडच्या उतारावर राहायला गेली.

"समोरच हाय की, चाचा," मी म्हणालो. "जरा पसरलाय."

चौक गावात जुन्या मुंबई-पुणे हायवेवर माझं गॅरेज आहे आणि त्या सकाळी टेंपो त्यात मावत नव्हता. चाचांनी आदल्या दिवशी क्लचप्लेट बदलायला गाडी सोडली होती. मी गिअरबॉक्स उतरवला. तेवढ्यात हॉर्न घोगरा वाटला म्हणून हॉर्न खोलला, त्याची वायर शोधताना डॅशबोर्ड काढला, डॅशबोर्डमागे उंदरांची वसाहत निघाली, ती हलवायला सीट काढली आणि सीटच्या स्प्रिंगा बघून मला एकदम नव्या तऱ्हेचा झोपाळा सुचला. झोपाळा अर्धा झाला होता. क्लचप्लेट खोक्यातच होती.

"संध्याकाळी मोहोपाड्याला बिर्याणीच्या देगा पोचायला पायजेत रं! उद्या माझ्या नातीचा निकाह हाय!" चाचा लग्नांत बिर्याणी रांधतात. अख्ख्या तालुक्याला जेवू घालणारा माणूस, आणि आता घरचंच कार्य अडलं. "लग्नसराईत दुसरी गाडी मिळायची नाय. देगा काय डोक्यावर नेऊ?"

आवाज ऐकून बायको बाहेर आली. पसारा बघून एवढंच म्हणाली, "अहो, कर्जतच्या मॅडमनी काय सांगितलंय?"

कर्जतच्या मॅडम म्हणजे समुपदेशक. दर शनिवारी मी त्यांच्याकडे जातो. पहिल्याच भेटीत त्यांचा पंखा कुरकुरत होता, तर मी बोलता बोलता टेबलावर चढून तो अर्धा उतरवला. मॅडमना निदानाला तेवढंच पुरलं असतं, पण त्यांनी रीतसर तपासण्या करवल्या. निघालं एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. म्हणाल्या, "तुम्ही आळशी नाही, वेडेही नाही. तुमच्या मेंदूची ठेवण वेगळी आहे." लहानपणापासून 'धड एक काम करत नाही' ऐकत आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं तर तो काय करेल? मी तिथून भिवपुरीपर्यंत गात गेलो. माझं घर उलट्या दिशेला आहे.

त्यांनी शिकवलेला उपाय साधा होता. काम करताना शेजारी कुणाला तरी बसवायचं. त्यानं मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं बसायचं. सोबत असली की मन जागेवर राहतं.

आता असा माणूस हायवेला आणायचा कुठून? इथे बॉनेट उघडलं की माणसाचं तोंड उघडतं. सासऱ्यांना बसवून पाहिलं होतं. जन्मात पाना धरला नाही, पण मला नट कसा फिरवायचा ते शिकवायला लागले. बायको बोलत नाही, पण तिचं न बोलणं मला ऐकू येतं.

"चाचांनाच बसवा," ती म्हणाली. "त्यांचीच गरज हाय."

"मी बसून टेंपो जुळणार?" चाचा म्हणाले.

"जुळेल. फक्त एक शब्द बोलायचा नाय."

चाचा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी गाडीखाली शिरलो. तिथून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. क्लचप्लेट बसवली. मध्येच झोपाळ्यानं हाक मारली. मी चपलांकडे पाहिलं. चपला तिथेच. परत पान्याकडे वळलो. दुपारपर्यंत सल्लागारांची जत्रा भरली, इंजिन विकून टाका म्हणणारासुद्धा येऊन गेला. चपला हलल्या नाहीत. गिअरबॉक्स चढला, डॅशबोर्ड बसला, सीट बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी एका दमात जोडली. उन्हं उतरायच्या आत चावी फिरवली आणि टेंपो असा गरजला, की बोरघाटातले ट्रक बाजूला झाले.

मी धावत जाऊन चाचांना खुर्चीसकट मिठी मारली. "चाचा, काय बसलात हो! साऱ्या रायगडात असा बसणारा नाय! दर कामाला याल का? एवढा वेळ एक शब्द नाय काढलात, कसं जमलं?"

चाचांनी डोळे चोळले.

"झोप लागली होती."