शिसपेन्सिलीची चिठ्ठी

आमचे सर दुसऱ्याच्या हातातला पेन काढून घेत आणि सरळ खिडकीबाहेर फेकत. प्राणिशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला माझा गेला. बारावी पास झाल्याबद्दल बाबांनी घेऊन दिलेला, सोनेरी टोपणाचा. मी माशाच्या आकृतीला नावं देत होते. सर मागून आले, पेन उचलला आणि दुसऱ्या मजल्यावरून सायकल स्टँडच्या पत्र्यावर भिरकावला. टण्णकन आवाज झाला.

"शाईनं लिवते का? इथी सारं पान्याचं अन् स्पिरिटचं काम. शाई पळून जाते वं पोरी. पेन्सिल आन."

"सर, माझ्या बाबांनी दिला होता तो."

"मंग त्याईले सांग, आता पेन्सिल घेऊन द्या म्हना."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मी रागावले आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं, त्याचा मला आणखी राग आला.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे शिसपेन्सिल सर म्हणत. तोंडावरही म्हणत. कानावर कायम एक अर्धी झालेली पेन्सिल, खिशात ब्लेडचा तुकडा आणि तोंडात एकच विषय. खाडी. समुद्र आणि नदी जिथे एकमेकांत घुसतात तिथलं ते अर्धं खारं, अर्धं गोडं पाणी, काठाची कांदळाची झाडं, त्यांच्या मुळांत वाढणारी माशांची पिल्लं. आता वऱ्हाडात बसून खाडीवर संशोधन करणाऱ्या माणसाला लोक सोडतील थोडेच? स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारायचंच, "काय सर, यंदा कोणती खाडी? वडाळी तलाव की छत्री तलाव?" आणि मग सगळे खो खो हसत. सर चहा पीत राहत. ज्यांनी उभ्या जन्मात गाइडच्या पलीकडे पुस्तक उघडलं नाही ती माणसं या माणसाला हसायची. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

एकदा मीच विचारलं होतं, एवढ्या लांबची खाडी कशाला म्हणून. ते म्हणाले, "माहं गाव पूर्णाकाठचं, खारपानपट्ट्यातलं. विहिरीले पानी हाये, पन तोंडात धरवत नाई. लहानपनी मी नाल्यातले मासे आनून त्या विहिरीत सोडले. दुसऱ्या दिवशी सारे उलटे. लय रडलो. मंग कोकनात गेलो तं पाह्यलं, त्याच्याहून खाऱ्या पान्यात मासे लेकरावानी खेळून राह्यले. काहून? बस, हे काहून डोक्यातून जाईनाच."

त्या एका 'काहून'पायी त्यांनी तीस वर्षं काढली. तळकोकणातली एकच खाडी, तोच काठ, तीच ओहोटी. दरवर्षी दिवाळीनंतर बडनेऱ्याला गाडीत बसायचं, मुंबईत गाडी बदलायची, पुढे एसटी. बारीक पिल्लं बाजारातल्या जाळ्यातून निसटतात म्हणून सरांनी अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या एका गादीवाल्याकडून मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं शिवून घेतलं होतं. गादीवाला दरवर्षी फाटलेलं जाळं दुरुस्त करताना विचारायचा, "सर, तिकडं मच्छर लय मोठे हायेत का?"

विभागातल्या फळ्याच्या कोपऱ्यात ते त्या खाडीची भरतीची वेळ रोज लिहून ठेवत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे त्यांनी कोळ्यांकडून शिकून घेतलं होतं आणि ते तोंडी परीक्षेत आम्हाला विचारत. बाहेरून आलेला परीक्षक बिचारा बावचळून जायचा. अमरावतीत भर उन्हात वर्ग चालू असताना सर मध्येच घड्याळाकडे पाहून म्हणत, "आता तिकडं पानी उतरून राह्यलं असन." आणि क्षणभर शिकवायचं थांबत.

एम.एस्सी.ला असताना मी त्यांच्याबरोबर खाडीवर गेले. गुडघाभर चिखल, त्यात कालवांच्या शिंपा पायाला कापतात. सकाळपासून जाळी ओढून माझे हात सोलून निघाले होते. सरांचा नियम असा होता, की मासा बरणीत गेला की त्याच मिनिटाला, तिथेच चिखलात उभं राहून, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायची आणि ती बरणीच्या आत माशाबरोबर टाकायची. चिठ्ठीवर क्रमांक, जागा, तारीख, ओहोटी कुठवर उतरली ते. रजिस्टरमध्ये त्याच क्रमांकापुढे बाकीची हकिकत. मी म्हटलं, जाऊ दे, खोलीवर गेल्यावर लिहू, लक्षात आहे सगळं. सरांनी बरणी हातात घेतली, आत पाहिलं, आणि सकाळपासूनची सगळी मेहनत माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात ओतली.

"सर!"

"काहून वं? मासा सांगनार हाये का, मी कुठून आलो म्हून? चिठ्ठी नाई तं हा नुसता कालवनाचा मासा. जाऊ दे त्याले."

काठावर पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकायला आलेली एक कोळीण, आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती पोट धरून हसली. "मास्तर, तुमच्या गावाक समुद्र नाय, आणि हयसर येऊन पोरीक रडवतास कित्याक?" मी खरंच रडत होते. रागानं. त्यानंतर मी आयुष्यात एकही चिठ्ठी चुकवली नाही. म्हणून तर पुढचं सांगताना माझा मलाच संताप येतो. न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मला सगळं कळत होतं.

सर निवृत्त होऊन अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. बरण्या विभागातच राहिल्या. भिंतभर कपाटं, पिवळट पडलेलं स्पिरिट, आत बोटाएवढी पिल्लं आणि प्रत्येक बरणीत एक मळकट चिठ्ठी. मी तोवर त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. नऊ वर्षं! तासाच्या हिशोबानं राबायचं आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची. त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्य कपाटांसमोर उभे राहिले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मॅडम, हे काय भंगार? आत कागद कुजून राहिलेत. नव्या बरण्या मागवा, छापील लेबलं लावा, रंगीत. हे कागद काढून टाका. यंदा तुमचं पक्कं करायचं आहे ना?"

मी काय म्हणाले? "हो सर" म्हणाले.

तीन दिवस मी, शिपाई आणि दोन विद्यार्थिनी मिळून ते काम केलं. चिमट्यानं मासे काढून नव्या बरण्यांत घातले. बाहेरून चकचकीत लेबल, शास्त्रीय नाव, मराठी नाव, कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, या चिठ्ठ्यांवर नंबर आहेत, ठेवायच्या का?" मी तिला झापलं. वेळ नाही म्हणाले. मनात म्हटलं, सरांकडे रजिस्टर आहे ना, सगळं त्यात आहे. साफ खोटं. रजिस्टरमधला क्रमांक बरणीतल्या चिठ्ठीशिवाय कोणत्या माशाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकट्या तांबोशीच्या पिल्लांच्याच बरण्या कपाटभर होत्या. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली आणि तीस वर्षांच्या चिठ्ठ्या दोन काळ्या पिशव्यांत घालून घेऊन गेली. समितीतले तिघं आले, दारातूनच पाहिलं, एकानं "व्हेरी नीट" म्हटलं आणि ते चिवडा खायला गेले. त्या 'व्हेरी नीट'ची मला आजही किळस येते. मी मात्र पक्की झाले.

दोन वर्षांनी मावशीचा सरांना फोन आला. खाडीच्या त्याच काठावर भराव घालून धक्का बांधायचं ठरलं होतं. त्यासाठी कुणीतरी पाहणी करून अहवाल दिला होता. त्यात लिहिलं होतं की सदर जागा पडीक चिखल असून तेथे माशांची पैदास आढळली नाही. मावशी म्हणाली, ती माणसं भर भरतीला गाडीतून आली, रस्त्यावरून फोटो काढले आणि गेली, एकाचाही बूट भिजला नाही. गावात जनसुनावणी होती. मावशीनं फोनवर एवढंच विचारलं, "मास्तर, तुमची पिल्लां खंय आसत?"

सर अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टरं. जिना चढून धाप लागली होती, पण चेहरा असा फुललेला की मला पाहवेना.

"मले फक्त बरन्या दे वं पोरी. त्याईच्या टेबलावर मांडतो एक एक. म्हनतो, हे घ्या, मोजा. पैदास नाई म्हनते लेकाचे!"

मी कपाट उघडलं. सरांनी एक बरणी उचलली, लेबल वाचलं, उजेडाकडे धरून फिरवली. मग दुसरी. मग तिसरी.

"चिठ्ठी?"

मी सांगितलं. समितीचं, प्राचार्यांचं, घंटागाडीचं. मी रडत होते आणि मधूनच स्वतःची बाजूही मांडत होते, नऊ वर्षं, तासिका, वगैरे. वाटलं, आता बरणी फोडतील, शिव्या घालतील, आणि घालाव्यात असं फार वाटत होतं. हजेरीपटावर माझा पेन पडलेला होता. सरांनी तो उचलला. मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी तो पेन माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"ठेव. तुह्या कामाचा हाये," म्हणाले.

सुनावणीला मीही गेले. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर साहेब, बाजूला पाण्याच्या बाटल्या. सरांनी रजिस्टरं पुढे ठेवली. साहेबांनी पानं चाळली आणि हसून म्हणाले, "हे तर पेन्सिलीनं लिहिलंय. कधीही खोडून बदलता येईल. पुरावा म्हणून कसं धरायचं?"

"तीस वर्साचं खोडाले तीस वर्सं लागतीन, साहेब," सर म्हणाले. लोक हसले. मावशीनं टाळ्या वाजवल्या.

"नमुने कुठे आहेत?"

"मासे हायेत. चिठ्ठ्या गेल्या."

"मग तुमचे मासे याच खाडीतले, हे कशावरून?"

सरांनी रजिस्टर मिटलं.

"चिठ्ठ्या कशा गेल्या?"

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. "गेल्या," एवढंच म्हणाले. त्या वेळी मी उठायला हवं होतं. 'मी टाकल्या, आमच्या कॉलेजानं टाकायला लावल्या, सर खरं बोलत आहेत,' तीन वाक्यं होती फक्त. पक्की नोकरी होती ना आता! उठले नाही. आणि मला सरांचाही राग येतो. वर्गात साध्या पेनासाठी ज्यांनी कुणाची गय केली नाही, त्यांनी तिथे मला का झाकलं? नाव घेतलं असतं तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं.

धक्क्याला परवानगी मिळाली.

निघण्याआधी सर एकदा खाडीच्या चिखलात उतरले, मागून मीही, आणि तसेच आम्ही परतीच्या गाडीत बसलो. अकोला आलं तसे सर पिशवी घेऊन उठले. मी पाया पडायला वाकले तर माझ्या पावलांकडे बघत म्हणाले, "घरी गेली का पाय धुऊन घेजो. खाडीचा चिखल सुकला का टाच फुटते." आणि उतरून गेले. तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. त्यांच्या मुलीनं रजिस्टरं कापडात बांधून मला पाठवली. म्हणाली, "बाबांनी तुमच्याकडेच द्यायला सांगितलं होतं." मी अजून ती पूर्ण वाचू शकलेले नाही.

काठाचा निम्मा भाग भरावाखाली गेला. उरलेल्या निम्म्यावर मी आता दिवाळीनंतर जाते, गादीवाल्याच्या मुलानं शिवलेलं जाळं घेऊन. मावशी थकली, पण काठावर येऊन बसते आणि मला एक शब्द बोलत नाही. बोलू नयेच तिनं.

यंदा पुन्हा समिती येते आहे. नवे प्राचार्य परवा विभागात आले आणि जुन्या कपाटासमोर थबकले. "मॅडम, या चांगल्या बरण्यांत आत हे कागद कसले? लेबलं आहेत ना बाहेर. काढून टाका."

मी म्हणाले, "आधी वाचा. मग हात लावून दाखवा."

त्यांनी चष्मा चढवला. त्या कपाटातल्या प्रत्येक बरणीत मी गेल्या वर्षभरात एक एक चिठ्ठी टाकली आहे. पेन्सिलीनं लिहिलेली, सगळ्यांवर मजकूर एकच. 'जागा: सांगता येत नाही. तारीख: सांगता येत नाही. मूळ चिठ्ठी काढून फेकणारी:' आणि त्यापुढे माझं पूर्ण नाव.