जावयाने आणलेली गाडी

मुंबईहून जुनी गाडी आली त्या दिवशी आमच्याकडे दोनदा ओवाळणं झालं, एकदा गाडीला आणि एकदा जावयाला. दोन्ही वेळा तबक माझ्या हातात होतं. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, तरी कुणी दारात गाडी उभी करून पेढे वाटायला आलं की माझं डोकं फिरतं. पेढा घेते, पण तोंडातून चांगला शब्द निघत नाही. लोकांना वाटतं, बाई जळकी आहे. वाटू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात धरमपेठेत राहत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, ताई लग्न होऊन मुंबईला गेली होती आणि मी कॉलेजात होते. आईला लकव्याचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. हात पुढे थोडाफार चालू झाला, पाय नाही. त्या पायावर गरम चहा सांडला तरी तिला कळायचं नाही. फोड मी दाखवला की मग ती विचारायची, "हे कधी झालं वं?"

आईची आई काटोलला, मामाच्या संत्र्याच्या बागेत राहायची. तिचे डोळे गेले होते. तिला घर सोडवत नव्हतं आणि आईला पायरी उतरवत नव्हती. काटोल म्हणजे काही विलायत नाही, सकाळी निघालं तर जेवायला तिथं पोचतो माणूस. पण या दोघी मायलेकी अडीच वर्षं एकमेकींना भेटल्या नव्हत्या. संत्री घेऊन नागपूरच्या बाजारात येणारा माणूस आजीचा निरोप सांगून जायचा: "लेकीच्या तोंडावरून एकदा हात फिरवू द्या मले." निरोप सांगताना तो खाली बघायचा. आई त्याला चहा द्यायला सांगायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

एकदा आम्ही एसटीचा प्रयत्न केला. बाबांनी काखेतून धरलं, कंडक्टरने पाय उचलले, मागून लोक ओरडू लागले, तिचं लुगडं सुटायला आलं. आई म्हणाली, "मले खाली ठेवा." त्यानंतर तिने बसचं नाव काढलं नाही.

मी म्हटलं, एक दिवस भाड्याची मोटार करू आणि नेऊन आणू. सरळ गोष्ट होती. पण बाबांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. "एकदा नेऊन काय होते? आपलीच गाडी घेतो. मंग दर महिन्याले नेईन तुले," असं ते आईला म्हणाले, आणि आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी गप्प बसले. बाबांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेम होतंच, आणि त्याच्याच जोडीला जगातला सगळा भिडस्तपणा होता.

नवी गाडी नोंदवली तर नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता. नागपुरात विकायला असलेल्या गाड्यांनी इतके उन्हाळे खाल्लेले असत की त्यांच्याकडे बघवत नसे. तेवढ्यात ताईच्या नवऱ्याचा मुंबईहून निरोप आला. त्यांच्या साहेबांची गाडी विकायची होती. साहेब समुद्रासमोर राहणारे, गाडी घरातल्या माणसासारखी जपलेली, तुम्ही डोळे मिटून घ्या. आम्ही खरोखरच डोळे मिटले.

बाबांनी शेजारच्या वकिलांच्या घरून मुंबईला ट्रंककॉल लावला. तीन मिनिटं मिळायची. बाबांनी ओरडून आधी जावयाची तब्येत विचारली, मग त्यांच्या वडिलांची, मग त्यांच्या आईची, मग धाकट्या भावाच्या परीक्षेचं विचारलं. जावयाला फोन करायचा आणि एकदम कामाचं बोलायचं, हे आमच्यात बसत नाही. शेवटी उरलेल्या जराशा वेळात एकच प्रश्न विचारला, "जवाईबापू, इंजिन गरम होते काय?" तिकडून ठणठणीत उत्तर आलं, "अजिबात नाही." बाबांनी फोन ठेवला आणि सगळं विचारून झाल्यासारखे घरी आले.

नागपूरचा माणूस गाडीबद्दल दुसरं काय विचारणार? आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याच्या कडेला गाड्या बॉनेट उघडून, वाफ सोडत उभ्या असतात. इंजिन थंड राहतं म्हटलं की आमच्या दृष्टीने गाडी चांगली. लोखंड गंजतं हे माहीत होतं, पण आमची अंगणातली लोखंडी खाट बारा महिने उघड्यावर पडून असे आणि तिला काही होत नसे. समुद्राची हवा लोखंड आतून खाते, याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. ज्यांना होती, ते सांगत नव्हते.

गाडी घेऊन जावई स्वतः आले, मुंबईपासून एकट्याने चालवत. ताईला आणलं नव्हतं. दारात गाडी थांबली तेव्हा गल्लीतले सगळे जमले. रंग नवा मारलेला, आत लाल रेक्झिनच्या गाद्या, खाली जाड काळी रबरी चटई. वकीलसाहेबांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं, पाण्याच्या टाकीला हात लावला आणि म्हणाले, "एवढ्या दुरून आली, पण टाकी कोमट आहे फक्त." सगळ्यांनी माना डोलावल्या. चटई उचलून बघावी असं एकालाही सुचलं नाही. जावयाला कोट-पँटचं कापड दिलं, आईने बसल्या जागेवरून नारळ दिला. दोन दिवस पाहुणचार घेऊन ते रेल्वेने परत गेले.

मी बाबांना म्हटलं, आईला बसवण्याआधी गाडी एकदा गॅरेजला दाखवून आणा. बाबा माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी काही अभद्र बोलले.

"जवायानं आणलेली गाडी तपासाले न्यायची? उद्या त्याईच्या कानावर गेलं तर काय वाटंन त्याईले?"

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. आईला बसायचं आहे त्यात."

तर आईच म्हणाली, "तुझी ताई त्याईच्या घरात आहे वं. उगी राय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. मुलगी त्यांच्या घरात आहे, म्हणून त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. त्यांनी भाजीत मीठ जास्त म्हटलं की मीठ जास्त. मुलगी दिली म्हणजे जीभही त्यांच्याकडे गहाण टाकायची. चीड येते मला या सगळ्याची, तेव्हाही येत होती.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही निघालो. बाबा चालवत होते, सरकारी जीप चालवून त्यांचा हात बसलेला होता. मागे मी आणि आई, तिचा डावा पाय दाराकडे. तिने ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं आणि अंगावरून पायांपर्यंत शाल घेतली होती. आजीसाठी तिने एका हाताने तिळाचे लाडू वळले होते. वाकडेतिकडे झाले होते, पण मला हात लावू दिला नव्हता. काटोल नाका मागे पडला तशी ती बोलू लागली. विहीर कुठे, बांध कुठे, कोणत्या झाडाची संत्री आजी कुणाला तोडू देत नसे. आजारी पडल्यापासून ती एवढं बोललेली मला आठवत नव्हतं.

पुढे रस्ता खराब होता. गाडीने दोनतीन दणके खाल्ले. थोड्या वेळाने एक सायकलवाला बाजूने जोरात पेडल मारत आला आणि ओरडला, "साहेब, गाडीखाली काहीतरी घासून राहिलं!"

बाबा म्हणाले, "सायलेन्सर असंन. काटोलले पाहू."

आणि गाडी चालूच ठेवली. मग मला दिसलं की आईची शाल खाली ओढली जाते आहे. ती आपली बोलतच होती. मी शाल उचलली. चटई सरकली होती, तिच्याखाली लाकडाची पातळ फळी होती आणि ती मोडली होती. फळीखाली पत्रा नव्हताच. त्या भोकातून आईचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला होता आणि खाली रस्ता धावत होता.

मी कशी ओरडले ते मला माहीत नाही. गाडी थांबली. आईने बाहेर बघितलं आणि विचारलं, "काहून थांबले? काटोल आलं काय?"

त्या पायाचं वर्णन मी करणार नाही. मी माझ्या साडीचा पदर फाडून तो बांधला. बाबांनी गाडी वळवली आणि आम्ही नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आलो. दोन बोटं काढावी लागली. तिला साखर होती, जखम भरेना. उरलेला हिवाळा गेला, उन्हाळा लागला, ती खाटेवर आणि पाय उशीवर.

गाडी वेल्डिंगवाल्याकडे पाठवली तेव्हा कळलं, मागचा सगळा तळ गंजाने खाऊन टाकला होता. वर फळ्या ठोकून डांबर फासलं होतं आणि त्यावर नवी चटई. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जिजाजींना फोन करा. बाबांनी केला. वकिलांच्या बैठकीत मी शेजारी उभी होते. त्यांनी जावयाची तब्येत विचारली, त्यांच्या वडिलांची विचारली. तिकडून बहुतेक गाडीचं विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "एकदम फस्क्लास."

माझा संताप अनावर झाला. घरी येऊन मी बाबांशी बोलणं टाकलं. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं की आई न्हाणीत घसरली. आईनेही तेच सांगितलं, ताईलासुद्धा.

मे महिन्यात आजी गेली. बागेतला माणूस पहिल्या बसने सांगायला आला. आईने एवढंच विचारलं, "कोनाची वाट पाहत होती काय?" तो माणूस नेहमीसारखा खाली बघू लागला. आईला न्यायचा प्रश्नच नव्हता. बाबा एकटे जाऊन आले.

त्या वर्षी दिवाळीला ताई आणि जावई आले. ताईला दिवस गेलेले होते. पाट, रांगोळी, पुरणाच्या पोळ्या, वडे, कढी, सगळं झालं. आई दारापाशी खुर्चीवर बसली होती, ताई वाढत होती. जेवता जेवता जावयाने आईच्या पायाकडे बघून विचारलं, "अजून बरं नाही का वाटत?" बाबा म्हणाले, "न्हाणी ओली होती, घसरली." मग जावयाने बाबांना विचारलं, "आणि मामा, गाडी कशी आहे?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. फळी, चटई, रस्ता, बोटं, आजी, सगळं. आवाज चढला असेल, मला पर्वा नव्हती.

जावयाने घास तोडला, कढीत बुडवला आणि म्हणाले, "हे बघ, जुनी गाडी घ्यायची म्हटली की खालून बघून घ्यायची असते. तुम्ही लोकांनी चौकशी करायला पाहिजे होती."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. आमचीच चूक."

ताईच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच उभी राहिली. मग अगदी हळू, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "साहेबांच्या गाडीतून फिराले जात होतो तेव्हा तुमीच मले म्हणत होते, मागं पाय वर घेऊन बस, खाली फळी आहे."

 जावयाचा हात ताटात थांबला.

आईने मला हाक मारली. "त्याईचं ताट उचल," ती म्हणाली.

बाबा अर्धवट उठले. "अवं, जवाई आहेत ते. जेवून राहिले ते."

"म्हणूनच म्हणून राहिली," आई म्हणाली. "उचल."

मी ताट उचललं. अर्धी पोळी होती त्यात, वड्याला हात लागला नव्हता. आयुष्यात मला दुसरी कोणतीही गोष्ट उचलताना इतकं बरं वाटलं नाही. जावई उठले, हात धुतले आणि ताईला म्हणाले, "बॅग घे." तिने वाटी खाली ठेवली, आईच्या खांद्याला हात लावला आणि बॅग घेतली. बाबा रिक्षापर्यंत हात जोडत मागे गेले. मला आजही ते आठवलं की दात आवळले जातात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. आईने डिंक, खारीक, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांपर्यंत सगळं करून ठेवलं होतं. ताईला पाठवलं नाही. मुलगी मुंबईला झाली, आम्हाला महिन्याने कळलं. बाबा दर सणाला फोन करून माफी मागत राहिले, आणि चौथ्या वर्षी तिकडून मोठ्या मनाने माफी मिळाली.

ते तिघं आले तेव्हा आई त्याच खुर्चीवर होती. तिने हात पुढे केले. नात ताईच्या पदराआड गेली आणि मुंबईच्या भाषेत विचारू लागली, "मम्मी, ही बाई कोण आहे?" आईचे हात तसेच पुढे राहिले. बाहेरच्या खोलीत जावई बाबांना सांगत होते की आता नवी कोरी गाडी घेतली आहे, एकदा मुंबईला या, बसून बघा.