देवाचा हंडा

दुष्काळाच्या त्या सालांत बजाजनगरात घरं वाढत होती आणि पाणी आटत होतं. टँकर घरटी एकच हंडा भरून द्यायचा. बाकी सगळं मचूळ बोअरवर. आमच्या चुलीच्या बाजूला दोन हंडे असायचे. उजव्यातलं पाणी मी प्यायचो. डाव्याबद्दल बायको म्हणायची, "तो देवाचा हाय, शिवू नका." मी कधी शिवलो नाही.

ती मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली. त्यानंतर वर्षानं आजारांची पाहणी करणारी पोरगी दारात आली. बायको असतानाही ती एकदा येऊन गेली होती, तेव्हा मी कामावर होतो.

"बाबा, मागची उत्तरं वाचते. बदल असला तर सांगा."

ती वाचू लागली. शब्द बायकोचेच होते.

"ह्यांना टँकरचं देते. मी बोअरचं पिते. त्यांना सांगू नका, लई बोंबलतील..."

पोरगी दचकून थांबली. "हे वाचायचं नव्हतं."

"त्या पाण्यानंच गेली का?"

"एका घरावरून नाय सांगता येत, बाबा. म्हणून तर घरोघर विचारतो."

"तुमचं विचारणं होईस्तोवर माणूस जातो!" मी खेकसलो आणि आत गेलो. डाव्या हंड्याचं झाकण पहिल्यांदा काढलं. पाणी कधीच सुकलं होतं. तळाशी पांढऱ्या खारात तिचा पेला घट्ट चिकटला होता.

बाहेरून पोरीनं विचारलं, "बाबा, आता घरात माणसं किती?"

मी हंड्यात हात घालून पेला सोडवू लागलो.