तिन्हीसांजेचं विरजण

टायफॉइड उतरला, पण पोट पार बिघडलं. दोन घास गेले की ढवळून यायचं. चाकणच्या एका कंपनीत मी दुधाचे नमुने तपासते. रजा संपत आली होती. माझ्यासाठी लातूरहून आलेली आई म्हणाली, "रविवारपर्यंत नीट जेवली नाहीस तर गावाकडं चल. जाऊ दे ती नोकरी." घरातली पहिली पदवीधर मी. एकदा गेले की पुन्हा कुणी पाठवणार नाही, हे मला ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाले होते, अँटिबायोटिकनं तापाच्या जंतूंबरोबर आतड्यातले आपल्या कामाचे जिवाणूही गेलेत. त्या जिवाणूंच्या पुड्या घ्या, ताजं दही खा. दुपारी ग्लानीत वाटायचं, माझ्या पोटात एक ओस गाव आहे, आणि कुणीतरी हळूहळू परतून चुली पेटवणार आहे.

पण पुनावळ्याच्या आमच्या खोलीत दहीच लागेना. मी थर्मामीटर लावून दूध कोमट करायची, दुकानातल्या दह्याचं विरजण घालायची. सकाळी दूध तसंच.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी भांडं घेऊन शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला गेले. त्या इथल्या जुन्या गावातल्या.

"आता न्हाई बाई. दिवा लागल्यावर आमी विरजण घराभायेर देत न्हाई." मग त्यांनी भांडं हुंगलं. "अगं, दवाखान्याचा वास मारतोय! कशानं धुतीस?"

"जंतुनाशकानं. रोज. आजारपणामुळे."

"आन् दही कुठनं लागंल? सायन्स शिकलीस ना गं तू?"

मी लाजेनं लाल झाले. प्रयोगशाळेत जंतू मारणं योग्यच, पण स्वयंपाकघरातही मी तेच करत बसले होते, आणि दही लावणारे जिवाणूच मरत होते.

"दूध आण हिकडं," त्या म्हणाल्या. "द्यायचं न्हाई, पण माझ्या घरात लावायला कोण अडवतंय?"

त्यांनी करंगळी बुडवून ऊब पाहिली, मातीच्या बोळक्यात विरजण कालवलं, वर फडकं टाकलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. न दिसणारे ते जीव कामाला लागले असतील, असं मनात येत राहिलं, आणि कितीतरी दिवसांनी मला शांत डुलकी लागली.

सकाळी दही कवडीसारखं लागलं होतं. काकू मग रोज वाटीभर देत राहिल्या. गुण दह्याचा, पुड्यांचा की नुसत्या दिवसांचा, मला सांगता येणार नाही. रविवारी मी आणखी भात मागितला. आईनं वाढला, मी ताट संपवेपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "लातूरच्या गाडीचं एकच तिकीट काढ."