बुवांच्या गाण्याला बहारीनला

शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना मोबाईलवर ती जाहिरात दिसली आणि घास हातातच राहिला. आमचे अमेरिकन बुवा बहारीनला गाणार होते.

हे बुवा म्हणजे एकट्याने गिटार घेऊन गाणारे अमेरिकेतले एक जुने गायक. स्वतःच लिहितात, स्वतःच चाल लावतात. मालगाड्या, धुळीचे रस्ते, बंद पडलेल्या गिरण्या असली त्यांची साधी गाणी. चिपळूणजवळच्या आमच्या गावात त्यांना ओळखणारी माणसं दोनच, मी आणि माझा दादा. गल्फहून आलेल्या काकांच्या टेपरेकॉर्डरमध्ये त्यांची एक कॅसेट राहून गेली होती. इंग्रजीत काठावर पास होणारा दादा त्यातलं प्रत्येक गाणं घडाघडा म्हणायचा. तो भजनात पखवाज वाजवायचा, त्यामुळे त्याच्या लेखी गाणारा प्रत्येक माणूस बुवाच.

गेली बारा वर्षं दादा बहारीनमध्ये आहे, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियम कापायचं मशीन चालवतो. बुवांचा खूप वर्षांनी नवा अल्बम आला होता आणि तिथल्याच एका बंगल्याच्या मागच्या हिरवळीवर ते जेमतेम चाळीस माणसांसमोर गाणार होते. मी तिथल्या तिथे दोन तिकिटं काढली आणि दादाला कळवलं. उत्तर म्हणून एक अंगठा आला.

त्या अंगठ्याने माझं डोकं फिरलं. दोन वर्षं हा माणूस फोन उचलत नव्हता. कधी नेटवर्क नाही, कधी शिफ्ट, आणि नेहमीचं 'मेसेज कर'. आई फोन मांडीवर घेऊन बसायची. 'तिकडे जाऊन माणसं विसरलास' असंही मी त्याला एकदा लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मी अर्धी गाण्याला चालले होते आणि अर्धी भांडायला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून विमानाला साधारण चार तास लागतात आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. थंडीत जा, दुपारीही बाहेर फिरता येतं. देश एवढा लहान की तासाभरात या टोकापासून त्या टोकाला पोहोचता. टॅक्सीला मात्र सढळ हाताने दिनार मोजावे लागतात, ओळखीची गाडी असेल तर सोडू नका.

विमानतळावर दादा पाठमोरा उभा होता. मी चार हाका मारल्या, शेवटची तर शाळेच्या मैदानावर मारते तशी. दोन अनोळखी माणसं वळली, दादा नाही. खांद्याला हात लावल्यावर दचकला आणि मग त्याने मला घट्ट धरलं. गाडीत बसल्यापासून तो बोलतच सुटला. हा पूल, तो मॉल, इथे पूर्वी समुद्र होता. घुम्या दादा एवढा बोलका कधी झाला, याचंच मला नवल वाटत होतं. मला एक वाक्य मध्ये घालू देईना.

माझी उतरायची सोय सनद नावाच्या भागात रेहानाभाभींकडे होती. त्या रायगडच्या, त्यांचे मिस्टर दादाच्याच वर्कशॉपमध्ये क्लार्क आहेत. शुक्रवारी सकाळी त्यांनी तांदळाच्या भाकरीबरोबर सुरमई वाढली आणि माझी दादाबद्दलची तक्रार शांतपणे ऐकून घेतली. मग एवढंच म्हणाल्या, "त्याच्याशी समोर बसून बोल, बाय." मला वाटलं, समजुतीने घे असं सांगतायत.

दुपारी चारला आम्ही जनाबियाला, गाण्याच्या बंगल्यावर पोहोचलो. उंच भिंतींच्या आत एकसारखे बंगले, कडेला बोगनवेल, हिरवळीवर मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पहिल्या रांगेसाठी तो जवळजवळ पळालाच. बुवा आले आणि मला पहिला धक्का बसला. कॅसेटवरचा तरणाबांड माणूस काठी टेकत आला होता. स्टुलावर बसून त्यांनी माईक जवळ ओढला आणि आमचं मालगाडीचं गाणं धरलं. आवाज पिकलेला, लय निम्म्यावर आलेली. पण काय गायले. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात दादा गायला लागला, मोठ्याने. बुवा पहिल्या ओळीत होते तेव्हा हा दुसरी संपवत होता. लोक वळून बघायला लागले. मी त्याला कोपराने ढोसलं, पण त्याचे डोळे मिटलेले होते. तो समोरच्या म्हाताऱ्याबरोबर गातच नव्हता. तो कॅसेटबरोबर गात होता, जुन्या लयीत, एकही शब्द न चुकता. बुवांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, हसले, आणि हात जलद करून त्याला गाठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र लाजेने मान खाली घातली होती.

मग बुवांनी माईक बाजूला सारला. म्हणाले, नवी गाणी मी अशीच ऐकवणार. उठून गिटार गळ्यात अडकवली आणि खुर्च्यांमधून हळूहळू गात मागे निघाले. आमच्यापासून दोन हातांवर त्यांची पाठ होती. एवढी शांतता की तारेवर बोट घसरल्याचाही आवाज येत होता.

दादा माझ्याकडे वाकला. "थांबला काय गो तो?"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. विमानतळ, गाडी, भाभी, दोन वर्षांचं नेटवर्क, सगळं एकदम डोक्यात घुसलं. नव्यातली तीन गाणी झाली. त्यातलं मी किती ऐकलं, कोण जाणे.

बाहेर गाडीपाशी मी त्याला माझ्यासमोर उभं केलं आणि सावकाश विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"डाव्या कानात मफी," तो म्हणाला. मफी म्हणजे तिकडच्या बोलीत 'नाही'. "उजव्यात मशीनची शिट्टी. तिच्या पलीकडून कायतरी येतं." कानात बोळे घातले तर मागून येणारी माल उचलायची फोर्कलिफ्ट कळत नाही, म्हणून सगळेच काढून ठेवतात म्हणे. डॉक्टरला दाखवलं तर कागदावर येईल, कागदावर आलं तर काम जाईल, ही त्याची भीती.

"जुनी गाणी डोक्यात हायत, ती ऐकायला कान लागत नाय," तो म्हणाला. "नवी आता कुठून येणार?"

मी तिथेच रडले. भांडायला आले होते मी या माणसाशी.

शनिवारी समुद्रावर बसून, समोरासमोर, मी त्याला खूप सांगितलं. उरलेला उजवा कान तरी वाचव म्हटलं. तो प्रत्येक वेळी "इंशाल्ला" म्हणाला आणि विषय बदलला. निघताना त्याने बुवांची सही असलेली नव्या अल्बमची सीडी माझ्या हातात दिली. "माझ्या वाटणीचं तू ऐक."

घरी आल्यावर आईने विचारलं, नीट बोलला का. मी म्हटलं, नीट बोलला, तोच सांगेल तुला. चार दिवसांनी त्याने सांगितलं, मोठा मेसेज लिहून. हा ब्लॉगही त्याला विचारूनच लिहिते आहे.

माझ्या जुन्या गाडीत अजून सीडी चालते. शाळेतून येताना मी रोज एक गाणं ऐकायचे आणि त्याची चाल दादाला लिहून पाठवायचे. पहिलं मालगाडीच्या गाण्यासारखं वर चढतं, पण शेवटी खाली येत नाही. दुसऱ्याला आपला भजनातला धुमाळीचा ठेका धर, फक्त निवांत. तिसऱ्याची चाल काही केल्या लिहिता येईना, तरी दोन पानं लिहिलीच. दादा एरवीसारखा अंगठा पाठवायचा. आता त्या अंगठ्याचा राग येत नव्हता.

तिसऱ्या गाण्यानंतर मात्र अंगठा आला नाही. मेसेज आला, "शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. चौथं सांगू नको."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सीडी बाहेर काढली. चौथं गाणं मीही अजून ऐकलेलं नाही.