बारातारेंचा ब्रिज

त्यांचं खरं आडनाव विचाराल तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. गिटार इलेक्ट्रिक, तीही बारा तारांची, म्हणून वादकांनी त्यांना ‘बारातारे’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पोस्टमनही तेच विचारत दारात येई. पोटापाण्याचा धंदा मात्र वजनकाटे दुरुस्तीचा. दुकानात जायचं, काटा उघडायचा, पुसायचा, पितळी वजनं ठेवून तपासायचा. चिमूटभर फरक दिसला तरी बारातारे दुकानदाराला असे फैलावर घेत की गिऱ्हाईकं खरेदी सोडून ऐकत राहत. एरवी माणूस गरीब गाय, पण काट्याच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय नाही.

दुपार कलली की हात धुऊन, शर्ट बदलून ते बायकोबरोबर एका हॉटेलच्या चहाच्या दालनात जात. तिथे ती गायची, हे वाजवायचे. कैक वर्षं हेच. गाण्यात वरचा सूर आला की ती मान जराशी वळवून यांच्याकडे बघे, आणि हे मान डोलावत. डोलावणं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी कान लागतात हेही ते विसरले होते.

मग हॉटेलात नवा मॅनेजर आला. तरुण, अंगाने काटकुळा आणि कानाने तिखट. एक दिवस त्याने दोघांना बाजूला घेतलं. “गाणं वर गेलं की काहीतरी खटकतंय. काय ते तुम्ही बघा. या महिन्यात नीट झालं नाही तर मला दुसरी गायिका बघावी लागेल.”

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दालनाशिवाय ती कुठे गात नव्हती, आणि गाण्याशिवाय तिला करमत नव्हतं. बारातारेंनी मात्र तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. “गिटारचा दोष आहे. ब्रिज गेलाय.”

तसा तो गेलाच होता. गिटारच्या पोटावर तारा जिथे टेकतात ती ही लोखंडी पट्टी गंजली होती, स्क्रू झिजले होते. शिवाय मुळातच तिची तऱ्हा अशी, की बारा तारांच्या सहा जोड्या आणि जोडीमागे टेकायला एकच ठोकळा. एक तार जाड, एक बारीक, दोघींना टेकण्याची जागा वेगवेगळी हवी. एकाच ठोकळ्यावर दोघींना बसवलं की वरच्या सुरांकडे बोट नेताना जाड तार सुरात जरा चढते, बारीक जरा उतरते. दोघींत फट पडते.

बारातारेंनी ब्रिज उतरवला, त्याच्या भोकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि वाद्यांचं दुकान गाठलं. दुकानदाराने दोन ब्रिज काढून काचेवर ठेवले. एक जुन्यासारखाच, सहा ठोकळ्यांचा. दुसऱ्यावर बारा ठोकळे, प्रत्येक तारेला स्वतःचा. ठशाशी दोन्हींची भोकं जुळत होती.

“सहाचा घ्या,” दुकानदार म्हणाला. “तुमची गिटार अशी झुळझुळते ती त्या फटीमुळेच. बाराचा लावाल तर सगळं कसं सरळसोट वाजेल.”

“म्हणजे चूक काढायची आणि तिच्या जागी नवी कोरी चूक बसवायची? वा रे वा! बाराचा द्या.”

“द्या म्हणता तर देतो बापडा. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका.”

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर गिटार आडवी घातली आणि एकेक ठोकळा पुढेमागे करत सूर मिळवायच्या यंत्राचा दिवा हिरवा करत गेले. वरच्या टोकापर्यंत बाराही तारा खऱ्या. खूश होऊन त्यांनी रोजच्या गाण्याची धून धरली. पलीकडे बायको कपड्यांना इस्त्री करत होती, तिने तिथूनच गायला सुरुवात केली. वरचा सूर आला आणि बारातारेंचा हात थबकला.

जोडीतल्या दोन्ही तारा एका जागी उभ्या होत्या. बायकोचा आवाज त्यांच्या खाली, एकटा. इतकी वर्षं बारीक तार तिच्यासोबत खाली उतरत होती आणि तिचं झाकत होती.

“अजून कुठेतरी कमी आहे हो,” ती इस्त्री उभी ठेवत म्हणाली. “बघा ना जरा.”

बारातारेंनी यंत्राकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. “हो,” ते म्हणाले, “ब्रिज खराब निघाला वाटतं. बदलून आणतो.”

दुकानदाराने “म्हटलं नव्हतं?” एवढंच म्हणून सहाचा ब्रिज पुढे केला. बाराचा परत द्यायला बारातारेंचा जीव होईना, तो त्यांनी फडक्यात गुंडाळून काट्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकला. सहाचा बसवला. बायको गायली, फट परत आली, सगळं पूर्वीसारखं गोड लागलं. “आता कसं!” ती हसून म्हणाली.

दोन दिवसांनी इस्त्रीच्या वायरसाठी पेचकस शोधताना तिच्या हाताला ते फडकं लागलं. ती ब्रिज घेऊन बाहेर आली.

“हा खराब होता ना? मग परत का नाही दिलात? खराब वस्तू हाती आली असती तर त्या दुकानदाराचं डोकं खाल्लं असतंत तुम्ही.”

बारातारेंनी हातातलं पितळी वजन पुसायला घेतलं.

“मी खाली लागते,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. “कधीपासून?”

“माहीत नाही.” आणि मग खरं ते तोंडातून निघून गेलं. “मी ऐकतच नव्हतो गं.”

ती संतापली. “चिमूटभर साखर कमी पडली तर तिऱ्हाइताशी भांडता, आणि घरच्या माणसाला थापा मारता? माझी जागा जातेय, अहो! मी मरेपर्यंत गिटारला शिव्या देत बसले असते!” डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. मग तिने नाक पुसलं आणि ब्रिज टेबलावर आपटला. “हा लावा. आणि गाण्याची पट्टी उतरवा. आता वय झालं माझं, त्यात लाजायचं काय? खालून गाईन.”

पट्टी उतरवायचा विषय या घरात निघत नसे. एकदा निघाला होता तेव्हा ती आठवडाभर धड बोलली नव्हती. आज बारातारेंनी मुकाट्याने स्क्रू फिरवायला घेतले. त्या संध्याकाळी ती गात होती आणि हे “कमी”, “अजून कमी”, “हं, भरलं” असं म्हणत होते. दर “कमी”ला ती एक जळजळीत नजर टाके आणि तोच सूर पुन्हा घेई.

दुसऱ्या दिवशी दालनात मॅनेजर खांबापाशी हाताची घडी घालून उभा होता. गिटार आता सरळसोट वाजत होती, झुळझुळ गेली होती, आणि बारातारेंना तिची आठवण येत होती हे नाकारण्यात अर्थ नाही. गाणं वर चढलं. मॅनेजरने घडी सोडली, एका रिकाम्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि स्वतःसाठी चहा मागवला.

बायकोने नेहमीसारखी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी लगेच मान डोलावली नाही. ती सूर धरून वाट बघत राहिली. बारातारेंनी आधी ऐकलं, आणि मग मान हलवली.